सोपाऱ्याचा स्तूप, पूर्ण नावाचा व्यापारी आणि आमच्या दुकानाची वाटणी

या आठवड्यात जीएसटीवरचा व्हिडिओ येणार होता, तो पुढच्या आठवड्यात येईल. आज जरा वेगळा विषय. कॉमेंटमध्ये एक प्रश्न सतत येतो: "मॅडम, घरच्या धंद्यात वर्षानुवर्षं राबतोय, पण आमचं नाव कुठेच नाही, काय करू?" हा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये धाकटे भाऊ असतात, सुना असतात आणि मुली तर असतातच. उत्तर द्यायचं मी बरेच दिवस टाळत होते, कारण सध्या हाच प्रश्न आमच्याही घरात चालू आहे. मागच्या मंगळवारी दुकानाला सुट्टी होती. डोकं थोडं शांत करावं म्हणून सोपाऱ्याच्या स्तूपावर गेले आणि तिथे या प्रश्नाशी गाठ पडली, तीही अडीच हजार वर्षं जुन्या गोष्टीतून.

आधी जागा सांगते, कारण आपल्या वसई-विरारमध्ये राहून ती न पाहिलेले लोकच जास्त. एव्हरशाईन सिटीतून स्कूटीवर निघायचं, आचोळ्याच्या रस्त्याने नालासोपाऱ्याला जायचं, उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं आणि सोपारा गावाची वाट धरायची. लोकलने यायचं असेल तर वसई रोडहून एकच स्टेशन. पश्चिमेला उतरलं की रिक्षा मिळते. रिक्षावाल्याला 'सोपाऱ्याचा स्तूप' म्हटलं तर कधी कळतं, कधी नाही. 'बुरुड राजाचा कोट' म्हणा, एखादा जुना माणूस लगेच ओळखेल. बाहेर पुरातत्त्व खात्याचा बोर्ड आहे, कुंपण आहे आणि आत विटांचा एक मोठा उंचवटा. बस्स. देवळाचं शिखर नाही, हारांची दुकानं नाहीत, रांग नाही. पहिल्यांदा येणारा विचारतो, "एवढंच?"

हो, एवढंच. पण या 'एवढंच'च्या पोटात काय होतं ते ऐका.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी या मोठ्या संशोधकांनी हा ढिगारा खणला. माणूस जुनागढचा, पण मुंबई आणि आसपासच्या लेण्यांचे आणि शिलालेखांचे वाचन करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. विटांच्या मधोमध त्यांना एक मोठी गोल दगडी पेटी सापडली. पेटीत बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या आणि त्यांच्या मधे एक तांब्याचा करंडक. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा, स्फटिकाच्या आत सोन्याचा. मधल्या फटींत सोन्याची फुलं आणि रत्नं. आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. भगवानलालांनी ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले. आज हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

माझं दुकान पॅकेजिंग मटेरियलचं आहे हे तुम्हाला माहीत आहे. खोकी, टेप, बबल रॅप. वालीव आणि सातिवलीचे कारखाने, शिवाय घरातून लोणची, दागिने, साबण विकणाऱ्या तुमच्यासारख्या ताया-दादा हे माझे कस्टमर. त्यामुळे पाच करंडकांचं हे वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अरे, हे तर पाच प्लाय!" हसू नका. दिवसभर मी तीन प्लायचं खोकं देऊ की पाच प्लायचं हेच विचारत असते, आणि कस्टमर नेहमी विचारतो, "आतला माल दोनशे रुपयांचा, त्याला चाळीस रुपयांचं खोकं कशाला?" इथे बाहेरून आत जावं तसा थर महाग होत जातो आणि शेवटी निघतात मातीच्या खापऱ्या. ज्यांनी त्या ठेवल्या, त्यांच्या लेखी त्या खापऱ्यांची किंमत सोन्याहून जास्त होती. बाजारात त्यांना कुणी चार पैसे दिले नसते.

आता 'बुरुड राजाचा कोट' या नावाविषयी. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारे. गावाचं जुनं नाव शूर्पारक, आणि शूर्प म्हणजे सूप, धान्य पाखडायचं ते. परशुरामाशीही या गावाचं नाव जोडलं जातं, आणि महाभारतात पांडव तीर्थयात्रा करत शूर्पारकाला येतात. सूप विणणाऱ्यांचं नाव आणि सुपावरून पडलेलं गावाचं नाव, यांचा काही संबंध असावा असा माझा आपला अंदाज. पुराव्याने सिद्ध करायला मी काही पंडित नाही. पण टोपल्या हे त्या काळचं पॅकेजिंगच, म्हणून माझा त्या राजावर थोडा जीव आहे.

आता मुद्द्याचं. हे गाव देवस्थान म्हणून नंतर नावारूपाला आलं. आधी ते बंदर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणबरोबर सोपाऱ्याचं नाव बाजारपेठ म्हणून येतं. इथे उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणकडे जायचा. ट्रेकला नाणेघाटात गेलेल्यांनी तिथला मोठा दगडी रांजण पाहिला असेल. त्याच घाटात पाण्याचं एक टाकं आहे आणि त्यावरच्या लेखात ते सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान असल्याचं कोरलं आहे. एवढंच, एका ओळीत. व्यापारी कुठला, त्याचं नाव काय, दिलं काय. घाट चढून दमलेल्या हमालांना आणि बैलांना पाणी. आपल्याकडे दुकान दहा वर्षं चाललं की लोक स्वतःच्या नावाची कमान उभी करतात. गोविंददासाने ज्या वाटेने आपला माल जातो, त्या वाटेवर पाणी दिलं. दोन हजार वर्षांनी आपल्याला त्याच्याबद्दल फक्त तेवढंच माहीत आहे आणि मला वाटतं त्याला तेवढं पुरलं असतं.

स्तूपाशी मी पोचले तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. एक आजी मेणबत्ती लावत होत्या. बुद्धपौर्णिमेला इथे गर्दी असते, पण एरवीच्या दिवशी चार-दोन माणसं. मी चपला काढून एका बाजूला बसले. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि दुकानाची २०१३ पासूनची रोजमेळाची वही होती. तीर्थाला जाताना कुणी रोजमेळ नेतं का? पण येत्या रविवारी घरात बसून बोलायचं ठरलं होतं आणि मला आकडे पाठ हवे होते.

घरचं थोडक्यात सांगते. दुकान बाबांनी काढलं. गाळा त्यांच्या नावावर, जीएसटी त्यांच्या नावावर, बँकेतलं चालू खातं त्यांच्या नावावर. दादा नोकरीसाठी आखातात गेला आणि चांगले पैसे पाठवत राहिला. घराचं कर्ज त्यानेच फेडलं, हे मी कधीच नाकारत नाही. मी बीबीए झाले आणि गल्ल्यावर बसले. लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले, तरी सकाळी शटर मीच उघडते. आता दादा परत आला आहे आणि दुकान तो बघणार म्हणतोय. वाईट मनाने नव्हे. त्याला खरंच वाटतं की मला आता विश्रांती मिळेल. मावशी म्हणाली, "तुला काय, तुझं चॅनल आहे, नवऱ्याचं चांगलं चाललंय." बाबा काहीच बोलले नाहीत. कागद करूया असं मी चार वर्षांपूर्वीच सुचवलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं, "घरात कसले कागद?"

हे सगळं डोक्यात घेऊन सोपाऱ्याला बसलं की पूर्णाची आठवण येणारच.

पूर्णाची गोष्ट 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात आहे. शूर्पारकात भव नावाचा श्रीमंत गृहस्थ राहायचा. त्याला तीन मुलगे. एकदा तो आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी दुर्लक्ष केलं, घरातल्या दासीने सेवा करून त्याला वाचवलं. तिला पुढे भवापासून मुलगा झाला, तो पूर्ण. म्हणजे घरातलाच, पण हक्काच्या यादीत नसलेला.

तिघे थोरले कमाईसाठी समुद्रावर गेले. त्यांनी पणच केला होता: प्रत्येकी एक लाख सुवर्ण मिळवल्याशिवाय कानात रत्नाची कुंडलं घालायची नाहीत. म्हणून एकाने लाकडाची घातली, एकाने लाखेची, एकाने कथलाची. पूर्णालाही जायचं होतं. बापाने सांगितलं, तू लहान आहेस, तू दुकानात बस. पूर्ण बसला. तिघे परत आले, बापासमोर हिशेब मांडले, प्रत्येकाचा एक लाख भरला. मग भवाने पूर्णाचाही हिशेब केला. गावातच, दुकानातच, सरळ मार्गाने व्यवहार करून त्याने लाखाहून जास्त मिळवले होते.

मंडळी, हे वाक्य मी स्तूपाशेजारी बसून मनात तीनदा म्हटलं. बाहेर गेलेल्याची कमाई दिसते, कारण ती एकदम येते, सूटकेसमधून येते. दुकानात बसलेल्याची कमाई रोज थोडी थोडी येते आणि संध्याकाळी भाजी, लाईट बिल, शाळेची फी यात निघून जाते. कुणी मुद्दाम मोजल्याशिवाय ती कळत नाही. भवाने मोजली. मला त्या म्हाताऱ्याचं हेच आवडतं, की दासीच्या मुलाचाही हिशेब त्याने बाकीच्यांच्या ओळीत बसवून केला.

बाप मेल्यावर मात्र बिघडलं, आणि बिघडण्याचं कारण ऐकलंत तर तुम्हाला आपल्याच घरातलं वाटेल. घरातली मुलं दुकानात खाऊ मागायला यायची. कधी थोरल्याचा मुलगा यायचा तेव्हा नेमकं साखरेचं पोतं उघडलेलं असायचं, त्याला साखर मिळायची. दुसऱ्यांची मुलं यायची तेव्हा गूळ चालू असायचा, त्यांना गूळ. कापडाचंही तसंच. एकाला भारी कापड, दुसऱ्याला जाडंभरडं. जावांनी ते पाहिलं आणि धुमसायला लागल्या. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. पण नोंद नव्हती. मी प्रत्येक बॅचला घसा फोडून सांगते, घरी नेलेली प्रत्येक वस्तू, गल्ल्यातून काढलेला प्रत्येक रुपया 'घरखर्च उचल' म्हणून लिहा. तुम्ही हसता. दोन हजार वर्षांपूर्वीचं एक मोठं घराणं गूळ आणि साखरेवरून फुटलं, आणि ते लिहून ठेवण्याइतकं कथाकाराला महत्त्वाचं वाटलं.

वाटणी कशी झाली बघा. घर आणि शेती हा एक हिस्सा. दुकान आणि परदेशातला माल हा दुसरा हिस्सा. आणि तिसरा हिस्सा म्हणजे पूर्ण स्वतः! ज्याने दुकान चालवलं तो हिस्सेदार नाही, तोच मालमत्ता. धाकट्या दोघांना खात्री होती की थोरला भविल घर तरी घेईल नाहीतर दुकान तरी. भविल म्हणाला, मी पूर्णाला घेतो. लोक हसले असतील. एकाने घर घेतलं, एकाने दुकान घेतलं, आणि भविलाच्या बायकोला मुलांसकट रिकाम्या हाताने बाहेर पडावं लागलं.

पुढचा भाग माझ्या ट्रेनिंगमध्ये मी नेहमी सांगते. मुलं भुकेली, वहिनीच्या पदराला गाठ मारलेली थोडी नाणी. ती घेऊन पूर्ण बाजारात निघाला. वाटेत एक मोळीवाला भेटला. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडं त्याने बांधून आणली होती आणि तो थंडीने कुडकुडत होता. पूर्णाने पाहिलं, मोळीत गोशीर्ष चंदन आहे, चंदनातलं सगळ्यात थंड आणि महाग. त्याने त्या मोळीचे पाचशे कार्षापण मोजले. खिशात एवढे पैसे नव्हतेच. त्याच चंदनाचा थोडा भाग तोडून बाजारात विकला आणि त्यातून मोळीवाल्याचे पैसे चुकते केले. पुढे राजाला दाहज्वर झाला, वैद्यांनी गोशीर्ष चंदन सांगितलं, आणि सगळ्या शहरात ते एकट्या पूर्णाकडे निघालं.

मला विचाराल तर यात नशीब थोडं आहे आणि दुकानात घालवलेली वर्षं जास्त आहेत. माल हाताळून हाताळून ज्याची नजर तयार झाली त्यालाच मोळीतलं चंदन दिसतं. वाटणीत भावांनी घर घेतलं, दुकान घेतलं, ही नजर त्यांना घेता आली नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर, कोणत्या कारखान्याचं पेमेंट पंचेचाळीस दिवसांनी येतं, कोण पुठ्ठ्याचा दर वाढला की आधी फोन करतं, कुणाला उधार द्यायचं नाही, हे कुठल्या वहीत नाही. ते माझ्या डोक्यात आहे. वाटणीच्या कागदावर त्याची किंमत कशी लिहायची? अकाउंटच्या भाषेत त्याला गुडविल म्हणतात आणि भागीदारीत माणूस आत येताना किंवा बाहेर जाताना ते मोजतातही. घरच्या धंद्यात मात्र त्याला 'तू काय, नुसती बसायचीस' म्हणतात.

अजून एक प्रसंग. परदेशातून पाचशे व्यापारी जहाजाने माल घेऊन आले. सोपाऱ्याच्या व्यापारी संघाने ठराव केलेला होता की कुणीही एकट्याने खरेदी करायची नाही, सगळ्यांनी मिळून करायची. पूर्ण एकटाच गेला, भाव ठरवला, विसार दिला आणि सगळा माल आपल्या नावाने सील केला. संघवाले चिडले, त्याला दंड ठोठावला, उन्हात उभं केलं. प्रकरण राजापर्यंत गेलं. पूर्णाने एकच विचारलं: हा नियम केलात तेव्हा मला किंवा माझ्या भावाला बोलावलं होतं का? राजाने संघाला विचारलं. नव्हतं बोलावलं. झालं, संघाचं तोंड बंद.

या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले. 'तुम्ही नियम केलात तेव्हा मला बोलावलं होतं का?' यात आरडाओरडा नाही, रडणं नाही. पुढे पूर्णाने तोच माल संघाला दुप्पट भावाने विकला, ते सोडा. तो त्याचा व्यापारी स्वभाव.

शेवटी हा माणूस सहा सफरी करून आला आणि सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे काही म्हणत होते ते त्याच्या कानावर पडलं. त्याने विचारलं, ही कसली गाणी? ते म्हणाले, गाणी नाहीत, बुद्धांची वचनं आहेत. परत येऊन त्याने धंदा सोडला आणि भिक्खू झाला. जाताना थोरल्या भावाला सांगून गेला की समुद्रावर जाऊ नकोस. भविल तरीही चंदन आणायला गेला, वादळात सापडला, आणि पूर्णाने त्याला वाचवलं अशी कथा आहे. त्या चंदनातून सोपाऱ्यात बुद्धांसाठी 'चंदनमाल' नावाचा विहार उभा राहिला. मी बसले होते तो विटांचा स्तूप आणि कथेतला चंदनाचा विहार एकच, असं मी म्हणणार नाही. पण या मातीत पहिलं धर्मस्थान बांधलं ते एका दुकानदाराने, ही आठवण लोकांनी जपली आहे.

स्तूपापासून जवळच, भातेला तलावाच्या बाजूला, १८८२ मध्येच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. अशोकाचे चौदा मोठे शिलालेख आहेत आणि नेमका आठवा कशाबद्दल आहे? यात्रेबद्दल! पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला फिरायचे. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून त्याने धर्मयात्रा सुरू केल्या. या यात्रेत करायचं काय, तेही लेखात आहे: श्रमण-ब्राह्मणांना भेटणं, दान, वृद्धांची भेट आणि त्यांना मदत, गावोगावच्या लोकांना भेटून बोलणं. म्हणजे यात्रा ही देवापेक्षा माणसांना भेटायची. नंतर १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तो मंगलकार्यांबद्दल आहे. लोक आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, पण खरं फळ देणारं मंगल कोणतं, तर नोकर-चाकरांशी नीट वागणं, मोठ्यांचा मान ठेवणं, प्राण्यांबाबत संयम, दान. दसऱ्याला तराजूला झेंडूचा हार घालणारे आणि हेल्परचा पगार वीस तारखेपर्यंत लटकवणारे दुकानदार मी पाहिले आहेत. लेख आपल्याच तालुक्यात सापडला, एवढंच म्हणते.

आणखी एक गोष्ट, ही खास हिशेबवाल्यांसाठी. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, उषवदाताचे लेख आहेत. हा नहपान राजाचा जावई. त्याने इतर गावांबरोबर शोर्पारगातही, म्हणजे आपल्या सोपाऱ्यात, प्रवाशांसाठी निवारे बांधले. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात तो भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेवतो. २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ दराने. १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज करा: २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी, बरोबर २४०. पैसाही इकडे तिकडे नाही! आणि शेवटी लिहिलंय की हे सगळं निगमसभेत जाहीर केलं आणि फलकावर नोंदवलं. राजाचा जावई, धर्माचं काम, तरी सभेत वाचून दाखवलं आणि लेखी नोंदवलं. 'घरात कसले कागद' म्हणणाऱ्यांनी एकदा ते लेणं बघून यावं.

मागे एका डॉक्युमेंटरीत जपानमधल्या इसे या प्राचीन शिंतो देवस्थानाबद्दल पाहिलं होतं, ते इथे आठवलं. ते लोक मुख्य देवालय दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने शेजारच्या जागेत पुन्हा बांधतात. २०१३ मध्ये बासष्टाव्या वेळी बांधलं, आता २०३३ मध्ये बांधतील. वीस वर्षं का? म्हातारा सुतार, कर्ता सुतार आणि शिकाऊ पोरगा हे तिघेही एकाच कामावर हजर असतील इतका तो काळ आहे. त्यामुळे विद्या हातातून हातात जाते. आपला स्तूप विटांचा, पक्का, तरी ढिगारा झाला, आणि तो बांधणाऱ्यांची विद्याही गेली. दादाला दुकान चालवायचं असेल तर त्याने माझ्याबरोबर वर्षभर गल्ल्यावर बसायला हवं, हा विचार मला तिथे बसल्या बसल्या आला. आधी मी फक्त 'हिस्सा द्या' एवढंच म्हणायचं ठरवून आले होते.

अकराच्या सुमारास ऊन वाढलं तशी मी उठले. त्या आजी अजून होत्या. "कुठून आलीस गो?" म्हणाल्या. म्हटलं एव्हरशाईनहून. "एवढ्या जवळून कुणी येत नाय. लांबून बस करून येतात," असं म्हणून त्यांनी मला दोन खडीसाखरेचे खडे दिले.

आता ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती, भावना बाजूला ठेवून. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि वडील हयात असतील, तर मुलगा असो की मुलगी, आज कुणाचाच त्यात हक्क लागत नाही. ते कुणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मालमत्ता असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. धंद्याचं वेगळं. प्रोप्रायटरी दुकानात नाव असेल तोच मालक, तुम्ही कितीही वर्षं बसा. नाव लावायचं तर भागीदारी करार करा, स्टॅम्प पेपरवर करा आणि नोंदवा. करारात पगाराचं कलम नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार काम करणाऱ्या भागीदारालाही वेगळा मोबदला मागता येत नाही, आणि नफ्याचं प्रमाण लिहिलं नसेल तर नफा सगळ्यांत समान वाटला जातो. बारा तास बसणारा आणि महिन्यातून एकदा डोकावणारा, दोघांना सारखाच. म्हणून काम करणाऱ्याचा मोबदला, नफ्याचं प्रमाण, उचलीची मर्यादा आणि बाहेर पडताना गुडविल कसं मोजायचं, या चार गोष्टी लिहून घ्याच. सीए आणि वकील दोघांना दाखवा. आपल्या प्रकरणात काय लागू होतं ते तेच सांगतील.

रविवार झाला. मी भाषण केलं नाही. टेबलावर दोन कागद ठेवले. एकावर दहा वर्षांत दुकानातून घरी गेलेली उचल, वर्षवार. दुसऱ्यावर मी जो पगार घेतला नाही तो, बाजारात मॅनेजरला मिळतो त्या दराने. दादा बराच वेळ पहिला कागद बघत राहिला. त्याने पाठवलेल्या पैशांच्या शेजारी हा आकडा त्याने कधी ठेवून पाहिला नव्हता. मग मी विचारलं, "दुकान तू बघायचं हे ठरलं, तेव्हा मी कुठे होते?" वहिनी म्हणाली, "बरोबर आहे तिचं." मला तिच्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

अजून काही पक्कं झालेलं नाही. दादाचं म्हणणं ५०-५० नको, त्याने घराचं कर्ज फेडलंय ते धरायला हवं. मला ते पटतं, पण किती धरायचं यावर आमचं जुळत नाही. सीएकडे पुढच्या शनिवारी तिघे जाणार आहोत: बाबा, दादा आणि मी. सोमवारपासून दादा सकाळी नऊ ते एक माझ्याबरोबर बसतो. काल त्याने एका कारखान्याला विचारल्याशिवाय दोन महिन्यांची उधारी दिली आणि आमचं चांगलंच वाजलं.

बाबांनी पूर्णाची गोष्ट ऐकून घेतली आणि अशोकाचा तो आठवा लेख कुठे आहे विचारलं. तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यांना तो बघायचाय. चर्चगेटला उतरून चालत जाता येतं, पण बाबांच्या गुडघ्यांमुळे टॅक्सी करावी लागेल. पुढच्या महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी जाऊ.